जायलीय, म्हणजे जात आहे

परभणीच्या एका छोट्याशा रेडिओ केंद्रावरून रोज सकाळी अकरा ते बारा 'तब्येतपाणी' नावाचा कार्यक्रम लागतो. एक डॉक्टर येतात, एक निवेदक असतो, आणि जिल्हाभरातले लोक फोन करून आपापली दुखणी सांगतात. गुडघे, पित्त, लेकराचं न जेवणं, सासूचं अति जेवणं, सगळं. असा कार्यक्रम ज्याने कधी ऐकलाय त्याला एक गोष्ट नक्की ठाऊक असेल. फोन करणाऱ्याला आपला आवाज रेडिओवर ऐकायची भारी हौस असते, म्हणून तो शेजारी रेडिओ चालूच ठेवतो. मग फोनमधला आवाज रेडिओत आणि रेडिओतला फोनमध्ये असा गोल फिरत राहतो आणि कान फाटेल अशी शिट्टी वाजते. त्यामुळे कुठल्याही निवेदकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी तुमच्याजवळचा रेडिओ बंद करा."

इथली निवेदिका सुकेशनी मात्र हे वाक्य म्हणत नाही. दोन वर्षं झाली. शिट्टी वाजते, डॉक्टर कानावर हात ठेवतात, काचेपलीकडून फोन जोडून देणारा बन्सीधर डोक्याला हात लावतो, पण ही बाई ढिम्म. शिट्टीतूनच "बोला मावशी" म्हणते. श्रोत्यांची तक्रारीची पत्रं आली. केंद्रावरच्या वरिष्ठ हेमा मॅडमनी दोनदा बोलावून विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "राहू द्या मॅडम. ऐकत असेल कुणीतरी." मॅडम पुढे काही बोलल्या नाहीत, कारण मॅडमना ठाऊक होतं. बाकीच्यांना ती तऱ्हेवाईक वाटते. वाटू दे.

सुकेशनी मूळची बोरीची. जिंतूर रोडवरचं हे चांगलं मोठं गाव, आणि त्यातल्या बौद्धवाड्यात तिच्या बापाचं, दत्तरावांचं, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. दत्तराव जिंतूरच्या एका जिनिंगात कामाला होते. बावीस वर्षं सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांजवळ उभं राहून त्यांचा डावा कान कामातून गेला आणि उजवा जाण्याच्या वाटेवर लागला. घरी आले की रेडिओ असा मोठ्यानं लावायचे की गल्लीत दुसऱ्या कुणाला रेडिओ घ्यायची गरजच पडली नाही. शेजारची कस्तुराबाई भाकरी थापता थापता आपल्या घरातून बातम्यांवर मत द्यायची आणि दत्तराव इकडून उत्तर द्यायचे.

सुकेशनीची आई सरजाबाई खुरपायला जायची. जाताना तो रेडिओ फडक्यात बांधून न्यायची आणि बांधावरच्या बाभळीला टांगायची. बायांचे हात चालायचे आणि कान तिकडे असायचे. शाळेला सुट्टी असली की पोरगी बाभळीखाली बसून रेडिओतल्या बाईसारखं बोलून दाखवायची. तोंडापुढे पितळी तांब्या धरायची, म्हणजे आवाज घुमतो. बाया हसून लोळायच्या. सरजाबाई मात्र हसायची नाही. म्हणायची, "हसू नगा गं. माजी सुकी एक दिस त्याच्यातून बोलनार हाय."

आणि ती बोलली. परभणीला बी.ए. करताना केंद्रावर आवाजाची परीक्षा झाली, शंभर पोरींतून चौघी निवडल्या, त्यात ही एक. पक्की नोकरी नव्हे, महिन्याला सहा ड्युट्या, त्याही आपण वेळेवर हजर असलो तर. एक चुकवली की दुसरी कुणीतरी टपलेलीच. पण माईकसमोर बसायला मिळत होतं. उरलेले दिवस ती एका क्लासमध्ये शिकवायची आणि खोली करून एकटी राहायची.

आवाज होता, पण भाषेचं काय? बोरीची भाषा रेडिओवर चालत नाही. हेमा मॅडमनी तिला सहा महिने घासूनपुसून काढलं. पानी नाही, पाणी. लोनी नाही, लोणी. हाय नाही, आहे. करायलाय नाही, करत आहे. मॅडम मायाळू होत्या, रागावल्या कधी नाहीत, पण प्रत्येक चुकीला पेन्सिलीनं टेबलावर टक् वाजवायच्या. सुकेशनी रात्री त्या टकटकीनं दचकून उठायची. शुद्ध भाषा म्हणजे तरी काय, तर काही लोकांच्या घरात आयतीच बोलली जाणारी भाषा. ज्यांच्या घरात ती नाही, त्यांनी ती परक्याच्या घरी जाऊन शिकायची आणि घरी परतताना चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची. सुकेशनीनं पहिली दोन वर्षं तसंच केलं. परभणीत 'आई', बोरीत 'माय'. मग हळूहळू काढून ठेवायचं राहून जायला लागलं. बोरीतही तिच्या तोंडून 'आहे' आणि 'नाही' येऊ लागलं. कस्तुराबाई कौतुकानं म्हणायची, "बाई, घरात बी रेडिओ लागलाय!"

सरजाबाईला त्याचं काही नव्हतं. लेक रेडिओतून बोलते, एवढं तिला पुरे होतं. सहा ड्युट्यांचे सहा दिवस तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशानं खुणा करून ठेवलेले असायचे. त्या दिवशी ती कामाला नाही म्हणायची आणि अकरा वाजता तोंड धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून रेडिओपुढे बसायची. कुणी विचारलं तर सांगायची, "सुकी येनार हाय ना आत्ता."

दत्तरावांनी एक दिवस कमाल केली. त्यांनी थेट कार्यक्रमात फोन लावला. तो नंबर सुकेशनी दर दहा मिनिटांनी, एकेक आकडा तोडून, सांगायची. लेकीच्या आवाजात ऐकून ऐकून दत्तरावांना तो असा पाठ झाला होता की झोपेत विचारा. स्वतःच्या मोबाइलचा नंबर त्यांना आजही येत नाही, पण हा येतो. बन्सीधरनं नाव-गाव विचारून फोन जोडला आणि सगळ्या जिल्ह्याला ऐकू आलं, "जयभीम सुके! म्या बोलायलोय, तुजा बाप! तुजी माय बी ऐकायलीय बग. लय ग्वाड बोलायलीस बाई!"

मागून रेडिओची शिट्टी वाजत होती आणि त्या शिट्टीवर ताण करून दत्तराव ओरडत होते. कान गेलेला माणूस ओरडूनच बोलणार. सुकेशनीला घाम फुटला. ती म्हणाली, "नमस्कार. फोन केल्याबद्दल धन्यवाद," आणि बन्सीधरला हातानं खूण केली. लाईन कापली गेली.

खरं सांगायचं तर लोकांना ते फार आवडलं होतं. चार श्रोत्यांनी मुद्दाम फोन करून तसं सांगितलं. हेमा मॅडमही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि ते हसणं प्रेमाचंच होतं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला कुणीतरी मागून "लय ग्वाड बोलायलीस बाई" अशी नक्कल केली आणि सगळे हसले. ते हसणं कसलं होतं हे सुकेशनीनं वळून पाहिलं नाही. कानशिलं तापली, एवढं खरं. सहा महिने घासून काढलेली सगळी भाषा एका फोनात पुन्हा मातीची झाली, असं तिला वाटलं. ती काही वाईट पोरगी नव्हती. लाज वाटली तिला, आणि लाज वाटलेलं माणूस आपल्याच माणसाला टोचून बोलतं.

रविवारी ती बोरीला गेली आणि बापाला समोर बसवून तिनं नियम घालून दिले. "बाबा, तो नंबर घरच्या बोलण्यासाठी नाही. घरचं बोललात की बन्सीधर लाईन कापणार, मीच सांगून ठेवलंय त्याला. फोन करायचाच असेल तर इतर श्रोते करतात तसा करायचा. नमस्कार म्हणायचं. मी तुमची मुलगी आहे हे सांगायचं नाही. डॉक्टरांना प्रश्न विचारायचा. आणि जरा नीट बोलायचं."

"नीट म्हंजे कसं?" दत्तरावांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सोपं आहे. तुम्ही 'बस जायलीय' म्हणता ना? तिथं 'बस जात आहे' म्हणायचं. जायलीय, म्हणजे जात आहे. करायलाय, म्हणजे करत आहे. झालं."

"जायलीय म्हंजे जात आहे," दत्तराव म्हणाले. "बरं."

आता या माणसाचा स्वभाव असा की जिनिंगात मुकादमानं एकदा सांगितलेलं त्याला कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं. इथे तर लेकीनं सांगितलेलं. दत्तराव रोज ओट्यावर बसून सराव करायला लागले. रस्त्यावरून म्हैस गेली की म्हणायचे, "म्हैस जात आहे." कस्तुराबाई पाणी भरताना दिसली की, "कस्तुराबाई पाणी भरत आहे." कस्तुराबाई घागर खाली ठेवून विचारायची, "दत्तराव, बरं न्हाई का तुमाला?" आणि आतून सरजाबाई हसत सुटायची. "म्हातारपनी मास्तर व्हायलाव का? म्या बाई मेले तरी माजं त्वांड असंच ऱ्हानार." दत्तराव चिडायचे नाहीत. ते म्हणायचे, "राहणार. राहणार म्हनावं, ऱ्हानार न्हाई." आणि स्वतःच्याच 'न्हाई'ला अडखळून गप्प बसायचे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सरजाबाईची छाती भरायला लागली. आधी दमा म्हणाले, मग छातीत पाणी झालं म्हणाले. परभणीच्या दवाखान्यात वीस दिवस काढले, पाणी काढलं, बरं वाटलं, घरी आणलं, पुन्हा भरलं. मार्चपर्यंत ती अंथरुणाला खिळली. रानात दिवसभर वाकून काम करणारी बाई, तिला आता कुशीवर वळवायला दोघं लागायचे. रेडिओ मात्र उशाशी होता.

एका रविवारी लेक पाय चेपत बसली असताना सरजाबाईनं तिचा हात धरला. "सुके, मला एक वचन दे. म्या जाईन तवा तू जवळ पायजे. बाकी मला काई नगं. तुज्या हातचं पानी आन् तुजा आवाज. तेवडं ऐकत गेले का मंग कुटं बी जाऊ दे मला."

"असं नको ना बोलू, आई."

"वचन दे."

"दिलं," सुकेशनी म्हणाली. "मी असेन. कधीही फोन आला तरी तासाभरात पोचते की, लांब कुठे आहे?" लांब नव्हतंच. परभणीहून जिंतूरची बस पकडली की तासाभरात बोरी, आणि मोटारसायकल असेल तर त्याहूनही कमी. वचन पाळायला अगदी सोपं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. परभणीचं ऊन म्हणजे काय ते परभणीच्या माणसाला सांगायला नको. दहा वाजताच डांबर मऊ झालेलं. त्या दिवशी कार्यक्रमाचा विषयच होता, उन्हाळ्यातला प्रवास आणि घ्यायची काळजी. सुकेशनीनं निघण्यापूर्वी घरी फोन केला होता. दत्तराव म्हणाले होते, रात्री झोप लागली, सकाळी दोन घोट चहा घेतला. तिचं मन निवांत झालं. केंद्रावर आल्यावर नियमाप्रमाणे मोबाइल बंद करून तिनं बाहेरच्या खणात ठेवला आणि ती आत जाऊन बसली.

इकडे बोरीत साडेदहाच्या सुमारास सरजाबाईचा श्वास बदलला. कस्तुराबाईनं नुसतं कपाळाला हात लावून पाहिलं आणि ओळखलं. गावातल्या बायांना ते कळतं. ती दत्तरावांना दाराशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "लेकीला बोलवा. म्हातारी जायलीय."

दत्तरावांनी लेकीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. अकरा वाजले, रेडिओवर धून वाजली आणि सुकेशनीचा आवाज घरात आला, "नमस्कार श्रोतेहो." मिटलेले सरजाबाईचे डोळे उघडले. आणि दर दहा मिनिटांनी येणारा तो नंबर आला, एकेक आकडा तोडून. दत्तरावांनी मोबाइल हातात घेतला.

बन्सीधरनं ठरल्याप्रमाणे विचारलं, "नाव, गाव? प्रश्न काय आहे? घरगुती बोलायचं असेल तर लाईन मिळणार नाही, काका."

"प्रश्न आहे," दत्तराव म्हणाले. "डॉक्टरांसाठी."

आत सुकेशनीच्या कानातल्या हेडफोनमधून बन्सीधरचा आवाज आला, बोरीहून दत्तराव. तिच्या कपाळाला आठी पडली. आले का पुन्हा! सांगितलं तरी राहवत नाही यांना. तेवढ्यात लाईन जोडली गेली आणि कर्रर्र शिट्टी वाजली.

"आधी तुमच्याजवळचा रेडिओ बंद करा, काका," ती म्हणाली. स्वतःच्या बापाला ती काका म्हणाली, आणि ठरलेलं वाक्य ठरलेल्या गोडीनं म्हणाली.

"हो. करतो." खट्ट असा आवाज आला. शिट्टी थांबली.

"बोला काका."

"नमस्कार ताई," दत्तराव म्हणाले. ओरडले नाहीत. मोजून मापून, एकेक शब्द हाताळून ठेवल्यासारखे बोलत होते. "नमस्कार डॉक्टर साहेब. आमच्या शेजारी एक बाई आहेत. त्या... त्या जात आहेत."

सुकेशनीला हसू आलं. शेजारी म्हणजे कस्तुराबाई. लग्नसराईचे दिवस, निघाली असणार माहेरी, आणि बाबांना तेवढाच प्रश्न सापडला. पण 'जात आहेत' मात्र छान म्हणाले. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"कुठे जात आहेत, काका?" तिनं विचारलं.

याचं उत्तर दत्तरावांनी सरावात धरलं नव्हतं.

"दूर जात आहेत, ताई," दत्तराव म्हणाले. "लवकर जात आहेत. आत्ताच जात आहेत."

डॉक्टर पुढे सरसावले. "काका, एवढ्या उन्हात दूरचा प्रवास नको. ऊन उतरेपर्यंत थांबायला सांगा त्यांना."

"सांगितलं साहेब," दत्तराव म्हणाले. आवाज थोडा फाटला. "थांबत नाहीत."

डॉक्टर हसले. सुकेशनीही हसली. तो हसण्याचा आवाज केंद्राच्या संगणकात अजून आहे. "मग निदान भरपूर पाणी प्यायला सांगा, डोक्याला ओलं फडकं बांधायला सांगा," डॉक्टर म्हणाले.

"पाणी..." दत्तराव म्हणाले. "पाण्यासाठीच तर, ताई. त्यांना पाणी त्यांच्या..."

"वेळेअभावी थांबावं लागतंय, काका. फोन केल्याबद्दल धन्यवाद. पुढचा फोन कुठून आहे पाहू या." सुकेशनीनं बन्सीधरला खूण केली. घड्याळात अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

त्यानंतर तिनं सेलूचा फोन घेतला, पाथरीचा घेतला, मानवतच्या एका बाईशी कैरीच्या पन्ह्याबद्दल बोलली. बारा वाजता निरोप घेतला. बाहेर येऊन मोबाइल चालू केला तर तो हातातच वाजायला लागला. कस्तुराबाई होती.

"सुके, कुटं हाईस? कवाचा फोन लावायलेत तुजे बाबा. ये गं लवकर. माय जायलीय तुजी!"

जायलीय. तो एक शब्द कानात पडला आणि तिला सगळं कळलं. कोण जात आहे, कुठे जात आहे, का थांबत नाही. व्याकरणाचा एक धडा तिनंच शिकवला होता आणि बापानं तो काना-मात्रेचीही चूक न करता म्हणून दाखवला होता. बोरीतलं कुठलंही शेंबडं पोर 'म्हातारी जायलीय' म्हटल्यावर 'कुठे' असं विचारणार नाही. तिनं विचारलं होतं, सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं.

बन्सीधरनं मोटारसायकल काढली. बन्सीधर पुढे बसून रडत होता, कारण लाईन त्यानंच दोन्ही वेळा कापली होती. तो तसा कुणाचा कोण, पण त्याला रडू आलं. घरापुढे माणसं जमलेली दिसली तेव्हाच सुकेशनी समजली. पाऊण वाजला होता. सरजाबाई पंचवीस मिनिटांपूर्वी गेली होती. अकरा अठराला निघाली असती तर सुकेशनी बारा वाजता दारात असती. हा हिशोब ती त्या दिवसापासून करतेय आणि तो दरवेळी तेवढाच येतो.

तोंडात पाणी कस्तुराबाईनं घातलं होतं.

संध्याकाळी सगळं आटोपलं. भिक्खू आले, त्रिशरण झालं, लोक पांगले. दत्तराव कुणाला काही बोलले नाहीत. त्या फोनाबद्दल तर अवाक्षर नाही. सुकेशनी रोज वाट पाहायची की आज बाबा बोलतील, शिव्या देतील, हाकलून लावतील. तिला ते हवं होतं. पण ते नुसतं "जेवलीस का" विचारायचे.

सातव्या दिवशीचं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले, दुपार कलली. बापलेक दोघेच घरात होते. सरजाबाईच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी रेडिओ तसाच होता, सात दिवस कुणी हात न लावलेला. शेवटी सुकेशनीनंच तोंड उघडलं. "बाबा, शेवटी... शेवटी काही म्हणाली का ती?"

दत्तराव रेडिओकडे बघत बोलायला लागले, आपल्या नेहमीच्या भाषेत. "तुजा आवाज आला तवा डोळे उगडले तिनं. दोन घंटे उगडले नव्हते, ते उगडले. हसली बी जरासिक. म्हनली, सुकी आली. म्या म्हनलं, आता हिला बोलावतो, फोन लावतो. तू म्हनलीस, रेडिओ बंद करा. म्हून म्या बंद केला."

सुकेशनीनं जमिनीवर दोन्ही हात टेकले.

"मंग तिनं हात केला असा, रेडिओकडं. मला इचारायली, सुकी काहून गप बसली? म्या तिकडं डॉक्टरशी बोलायलो व्हतो. कानाला फोन, दुसरा कान तर गेलेलाच. तिला काय उत्तर देऊ? हातानंच खुनावलं, थांब म्हनून."

"मग नंतर? नंतर लावायचा ना हो बाबा पुन्हा!"

"भ्या वाटलं," दत्तराव म्हणाले. "तूच म्हनली व्हतीस बंद करा. पुन्ना लावावा तं तुमचा कार्यक्रम बिगडायचा, शिट्टी वाजायची, लोक हासायचे तुला. आन् वाटलं, तुला समजलं आसंल, तू निगाली आसशील, आता रेडिओत दुसरंच कुनी आसंल. मंग काहून लावायचा? ती दोनदा म्हनली, सुकी काहून गप बसली. मंग न्हाई म्हनली काई."

म्हणजे अकरा अठरापासून पुढची चाळीस मिनिटं सुकेशनी बोलत होती. सेलूशी, पाथरीशी, पन्ह्याबद्दल, मीठ-साखरेबद्दल. आईच्या उशापासून वीतभर अंतरावर तो आवाज होता, नुसतं बटण फिरवलं की आला असता. हातचं पाणी नाही तर नाही, आवाज तरी देता आला असता. तिनं स्वतः सांगून तो बंद करवला होता.

तिला रडू आलं नाही. रडायला सुद्धा आतून काहीतरी हलावं लागतं. बाहेर कस्तुराबाई कुणाला तरी हाका मारत होती.

दत्तराव पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव होता, शाळेतल्या पोरासारखा, घाबरलेला आणि आशा धरून बसलेला. सात दिवस त्यांच्या मनात काय घोळत होतं ते आता बाहेर आलं.

"सुके, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"म्या नीट बोललो ना गं त्या दिशी? चूक न्हाई ना झाली काई? म्या लय ध्यान देऊन बोललो. जयभीम बी न्हाई म्हनलो, तुजं नाव बी न्हाई घेतलं. जायलीय म्हंजे जात आहे, तसंच म्हनलो ना?"

सुकेशनीनं वर पाहिलं. बापाच्या गळ्यात पडून तिला म्हणायचं होतं, लय ग्वाड बोललाव बाबा, तुमचं काई न्हाई चुकलं, म्याच चुकले. ते सगळे शब्द तिला येत होते, आईच्या दुधाबरोबर आलेले. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली, ण ण च्या जागी आणि ळ ळ च्या जागी बसला.

"अगदी शुद्ध बोललात, बाबा," ती म्हणाली. "एकही चूक नव्हती."

"मंग बरं झालं," दत्तराव म्हणाले, आणि सात दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.